बांधीतलं तण

शेवटच्या लाइनीला नळाचं पाणी सगळ्यांच्या मागून यायचं आणि सांडपाणी सगळ्यांच्या आधी. भिलाईत कारखाना उभा राहत होता. त्याच्या कामावर आलेल्या माणसांसाठी चटया-पत्र्यांच्या झोपड्यांचा कॅम्प ठोकला होता, आणि ठोकणाऱ्यांनी उतार कुणीकडे आहे तेवढं बघून साऱ्या कॅम्पाची नाली या शेवटच्या लाइनीच्या अंगणातून काढून दिली होती. आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं आणि नाव न घेण्यासारखं आणखी सगळं पाणी लाइनीसमोरून वाहायचं, पडीक जमिनीतून ओघळत जायचं आणि कोहक्याकडच्या एका लहानशा गावाच्या तलावात पडायचं. तिथं त्याचं काय होतं, हे विचारायची कॅम्पात कुणाला गरज वाटली नव्हती. घाण आपल्या दारातून पुढं गेली की संपली, असं माणूस सोयीनं धरून चालतो.

गावाला मात्र गरज वाटली. दिवाळीला मातीचे गौरा-गौरी शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, बाया तलावात उतरल्या आणि नाकाला पदर लावून बाहेर आल्या. दुसऱ्याच दिवशी गावचा मुख्य, शालिकराम गौंटिया, चार माणसं घेऊन कॅम्पात हजर झाला. उंच, सावकाश बोलणारा म्हातारा. कॅम्पाची साफसफाई बघणारे ओव्हरसियर आनंदराव यांच्यासमोर तो उभा राहिला.

"हमर तरिया के पानी बस्सावत हे, साहेब," तो म्हणाला. तलावाचं पाणी वास मारतंय.

मग त्यानं पुढचंही सांगून टाकलं. गाव त्या पाण्यात आंघोळ करतं, गुरं त्याच पाण्यावर, आणि चैत्रात देवीपुढं उगवलेला जवारा, म्हणजे टोपल्यांतले गव्हाचे कोवळे अंकुर, त्याच पाण्यात शिरवतात. जवाऱ्यापर्यंत पाणी सुधारलं नाही तर गाव नालीच्या तोंडावर मातीचा बंधारा घालेल. मग तुमचं पाणी तुमच्या घरात. हे सगळं त्यानं आवाज न चढवता सांगितलं, आणि म्हणूनच आनंदरावांना ते खरं वाटलं.

आनंदराव नागपूरचे. तिरसट, पण मनाचे वाईट नव्हेत. तात्पुरत्या कॅम्पासाठी पक्की सोय करायला मंजुरी मिळत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी साधा उपाय काढला. शेवटची लाइन मोडायची, त्या जागी मोठा खड्डा खणायचा आणि नाली त्यात सोडायची. लाइनीतल्या लोकांना गेटाजवळ नव्या झोपड्या मिळतील, खाली सिमेंटची जमीन असलेल्या.

लाइनीत जवळपास दिवाळी पुन्हा आली. सिमेंटच्या जमिनीवर झोपायला कुणाला नको होतं? नको होतं ते एकट्या मथुराला, कारण नवी झोपडी मिळणार होती ती कामावर नाव असलेल्या पुरुषाला. मथुराचा नवरा केवलराम भंडाऱ्याकडची धानाची शेती सोडून इथं आला, वर्षभर खपला आणि आदल्या पावसाळ्यात तापानं गेला. त्याच्या माघारी मथुरा ठेकेदाराकडे रेजा, म्हणजे मजूरबाई, म्हणून गिट्टी वाहत होती, पण रेजाचं नाव आज असतं, उद्या नसतं. तिची झोपडी टिकून होती ती केवळ शेवटच्या लाइनीकडे कुणी वळून बघत नव्हतं म्हणून. लाइन मोडली की तिला थेट गावाला जावं लागणार होतं, जेठ-जेठानीच्या, म्हणजे थोरल्या दीर-जावेच्या घरी.

त्या घरात ती केवलरामच्या मागं दोन महिने राहून आली होती. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्याशी सरळ कुणी बोलत नव्हतं. 'तुझ्या काकीले सांग, जेवून घे म्हना,' असं पोरांच्या तोंडून यायचं, तेही सगळ्यांचं उरकल्यावर. एके सकाळी तिनं गाठोडं बांधलं आणि भिलाईची गाडी धरली. जेठानं अडवलं नाही. म्हातारा सासरा फकिरा मात्र काठी घेऊन तिच्या मागून स्टेशनवर आला आणि गाडीत तिच्यासमोर येऊन बसला. का आलात, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पण इथं फकिराचा जीव रमत नव्हता. उभा जन्म धानाच्या चिखलात गेलेला माणूस. त्याला इथं करायला काही नव्हतं. दिवसभर तो दारात बसायचा आणि समोरच्या नालीकडे बघायचा. लाइन मोडणार हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला, आणि मथुराला ते लागलं.

"गावाले चाल, मथुरे," तो म्हणाला. "आता तं सरकारच जा म्हनून राहिलं."

"मी नाई जात, मामाजी."

"मंग राहशीन कुठी?"

"इथंच," ती म्हणाली. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण गिट्टीची टोपली डोक्यावर घेऊन ती दिवसभर त्याच एका गोष्टीचा विचार करत राहिली. लाइन मोडायची ती नालीपायी. म्हणजे नालीचं काही केलं तर लाइन राहील. इतका सरळ हिशेब होता, आणि कॅम्पातल्या एकालाही तो करावासा वाटत नव्हता, कारण सगळ्यांचा जीव सिमेंटच्या जमिनीत अडकला होता.

उत्तर तिला बकरीनं दाखवलं. शेजारच्या भीमाबाईची बकरी सुटली म्हणून मथुरा तिला शोधत नालीच्या कडेकडेनं पडीक जमिनीत गेली. तिथं एका ठिकाणी नालीला फाटा फुटला होता. एक धार सरळ तलावाकडे जात होती, काळी नि फेसाळ. दुसरी एका खोलगट दलदलीत शिरत होती. त्या दलदलीत पाणकणसं माजली होती, पुरुषभर उंचीची, शेंड्याला तपकिरी कणसं धरलेली, आणि त्यांच्या बुडाशी लव्हाळा. बकरी दलदलीच्या खालच्या अंगाला उभी राहून खुशाल पाणी पीत होती. आता बकरी म्हणजे किती नखरेल जनावर! तोंड लागलेल्या बादलीतलं पाणीसुद्धा ती हुंगून सोडते. मथुरा खाली वाकली. पाण्याला रंग नव्हता. तिनं ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं. चिखलाचा वास होता, घाणीचा नव्हता.

तशीच ती बकरीला ओढत आनंदरावांकडे गेली. त्यांनी आधी झिडकारलं. मग चिडचिडत का होईना, तिच्यासोबत चालत आले, दोन बाटल्यांत दोन्ही धारांचं पाणी भरलं आणि उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले.

"झाडं घाण खातात असं ऐकून होतो," ते म्हणाले. "मुळांना घाण चिकटते, तिथंच ती कुजून जिरते. पण सगळ्या लाइनींचं पाणी एवढ्याशा दलदलीत मावायचं नाही, मथुराबाई. जागा पाहिजे, आणि पाणी रेंगाळलं पाहिजे. घाईनं गेलं तर घाणीसकट जाईल."

"रेंगाळवाचं कसं?"

"तेच तर! मला विचाराल तर मला माहीत नाही."

पाणी कसं रेंगाळवायचं, हे मथुराला ठाऊक होतं. भंडाऱ्याकडच्या कोणत्याही पोरीला ते ठाऊक असतं. धानाचं शेत म्हणजे बांध घातलेल्या लहानलहान बांध्या, एक वर, एक खाली. वरचीत पाणी भरलं की बांधाच्या तोंडातून ते हळूच खालचीत उतरतं. नालीचं पाणी तसंच बांधी-बांधीनं उतरवायचं आणि धानाच्या जागी पाणकणसं लावायची. तिनं हे सांगितलं तेव्हा आनंदरावांनी हसून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी उतार मोजायचं यंत्र घेऊन आले. "जवाऱ्यापर्यंत वेळ देतो," ते म्हणाले. "जमलं तर साहेबाला मी स्वतः आणून दाखवीन. नाही जमलं तर लाइन मोडीन, आणि मग माझ्यापुढं रडायचं नाही."

"नाई रडत," मथुरा म्हणाली.

कामावरून आली की ती कुदळ घेऊन पडीक जमिनीत जायची. फकिरा दारात बसून बघायचा. दोन दिवस त्यानं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं घातलेला बांध पाण्यानं ढासळला, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. तो काठी टेकत आला आणि तिच्या हातातून कुदळ जवळजवळ हिसकावून घेतली.

"असा बांध घालते का कोनी? पोरगी धानवाल्याची हायेस का चनेवाल्याची?"

त्या दिवसापासून काठी दारात पडून राहिली. फकिरानं बांधाची माती पायानं तुडवली, थापली, तोंडं काढली, उतार डोळ्यानं जोखला, आणि आनंदरावांच्या यंत्रानं त्याचा उतार एका जागी चुकलेला निघाला तेव्हा रुसूनही बसला. आनंदरावांनी वर गाळ बसायला एक खड्डा करवला, त्याच्या खाली मोडक्या गिट्टीचा थर टाकवला, आणि त्याच्या खाली फकिराच्या बांध्या, एकीखाली एक. येणारे-जाणारे चेष्टा करायचे. "काय गा फकिरा, नालीचा पाटील झाला का तू?" फकिरा आणखी ताठ चालायचा. मथुरा मनातून सुखावली होती. म्हाताऱ्यानं गावाचं नाव काढणं बंद केलं होतं.

बांध्या झाल्या आणि नेमकं तेव्हाच गावाकडे धानाची मळणी निघाली. फकिराला मोठ्या पोराचा निरोप आला. मळणी म्हटल्यावर त्याला कोण थांबवणार? तो गेला, आणि तो नसताना मथुरा नि भीमाबाईनं दलदलीतली पाणकणसं नि लव्हाळा मुळासकट खणून आणून बांध्यांत रोवला. साहेबांच्या बंगल्यांच्या बागेत कर्दळ फार झाली होती. माळी ती उपटून फेकणार होता, तीही आनंदरावांनी पाठवून दिली. कर्दळ बायांनी बांधाच्या कडेनं ओळीत लावली. पाणकणसं मात्र जशी हाती आली तशी दाट खोचली. फकिरा परत आला तोवर सगळ्यांनी मूळ धरलं होतं.

"झाडं लावले का मंग?" त्यानं विचारलं.

"लावले. तेच पानी साफ करतेत."

फकिरानं कर्दळीच्या ओळीकडे बघितलं, लाल फुलांकडे बघितलं, आणि मान डोलावली. या दोन वाक्यांत कसली गाठ पडली, हे दोघांनाही कळलं नाही. ती कळायला चैत्र यावा लागला.

माघ सरता सरता तलावाचा वास उतरला. शालिकरामची बायको सुकवारो एकदा स्वतः येऊन शेवटच्या बांधीच्या तोंडाशी बसली, पाण्यात हात घालून बघितला, आणि आली तशी गेली. पण दुसऱ्या दिवशी भीमाबाईच्या बकरीसाठी तिनं झाडपाला पाठवला. आनंदरावांनी ठरवलं की जवाऱ्याच्याच दिवशी साहेबाला आणायचं, म्हणजे गावही असेल आणि पाणीही असेल. चार दिवस आधी त्यांनी लाइनीत सांगून ठेवलं, साहेब येणार आहेत, आवरून ठेवा. बायांनी अंगणं झाडली, चटया दुमडल्या. मथुरा त्या दिवशी कामावर होती. संध्याकाळच्या आधी ती परत आली आणि पाण्यावर नजर टाकायला आधी बांध्यांवर गेली.

बांध्या उघड्या पडल्या होत्या. कडेची कर्दळ जिथल्या तिथं, लाल फुलांसकट. बाकी एक पाणकणीस नाही, लव्हाळ्याची काडी नाही. नुसतं ढवळलेलं काळं पाणी, आणि ते तोंडातोंडानं उतरत सरळ तलावाकडे चाललेलं. बांधावर उपटलेल्या झाडांच्या जुड्या नीट रचलेल्या. आणि मधल्या बांधीत, गुडघाभर चिखलात, फकिरा. घामानं निथळत होता, आणि कित्येक दिवसांत दिसला नव्हता इतका आनंदात होता.

"पाह्य, मथुरे, कसं निंदून काढलं," तो म्हणाला. "साहेब येनार, गाव येनार. फकिराच्या बांधीत गवत माजलं म्हनतीन ना लोकं! फुलाचे झाडं सारे ठेवले."

पाणकणीस आणि लव्हाळा हे धानवाल्याचे हाडवैरी. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात ते दिसले की उपटले होते, त्याच्या बापानं उपटले होते. ते कुणी मुद्दाम लावील, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. लावलेली झाडं म्हणजे ओळीतली कर्दळ, हे त्यानं सरळ धरलं होतं. धान नसलेल्या बांधीतलं तण काढायची घाई नसते, म्हणून साहेब येणार हे कळेपर्यंत त्यानं ते राहू दिलं होतं. मथुराला हे सगळं नंतर उमगलं. त्या वेळी तिला फक्त आपली झोपडी दिसली, आणि जेठानीच्या घरातलं ते मागून वाढलेलं ताट दिसलं.

"तुमाले गावालेच जायचं होतं ना?" ती ओरडली. "म्हनून उपटले! माह्या घराच्या मुळावर उठले तुमी!"

फकिराच्या हातात एक पाणकणीस होतं. ते त्यानं खाली ठेवलं. तो चिखलातून पाय काढत बांधावर आला, काठीशिवाय, थोडा लंगडत, आणि झोपडीमागं जाऊन बसला. आपण फार लागेलसं बोललो, हे मथुराला त्याच क्षणी कळलं. पण माफी मागायला तोंड उघडेना, आणि वेळही नव्हता.

आनंदराव आले, बघितलं, आणि बांधावरच मटकन बसले. "पुन्हा लावता येतील," ते म्हणाले. "मुळं अजून ओली आहेत. पण वरून पाणी येत राहिलं तर लावलेली उखडतील आणि घाण तलावात जाईल. चार दिवस पाणी थांबलं तर... पण लाइनीचं पाणी कसं थांबवणार?"

"वरच्या लाइनींचं पानी तुमी वळवा जी, त्या बाजूच्या खदानीत, चार दिवसांचं मावते तिथं," मथुरा म्हणाली. "आमच्या लाइनीचं मी थांबवतो."

ती दारोदार गेली. जवाऱ्यापर्यंत नालीत एक थेंब सोडायचा नाही. खरकटं पाणी, धुण्याचं पाणी, सारं बादलीनं उचलून लांब खदानीत, गिट्टी काढून झालेल्या त्या खड्ड्यात, टाकायचं. लोकांनी ऐकून घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं. त्यांचंही काय चुकलं? बांध्या फसल्या तर त्यांना सिमेंटची जमीन मिळणार होती. दिवसभर लोखंड वाहून आल्यावर बादल्या वाहायच्या कुणासाठी, एका विधवेच्या झोपडीसाठी? एकानं तसं बोलूनही दाखवलं.

तेव्हा भीमाबाई पुढं आली. ती बळीरामची बायको. दोघं दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन बौद्ध झालेले. बाई एरवी कमी बोलणारी.

"माह्या आजीनं गावच्या विहिरीले हात लावला होता," ती म्हणाली. "पानी बाटवलं म्हनून तिले मारलं. तिनं काई बाटवलं नव्हतं. आता आमी खरंच बाटवून राहिलो, एका आख्ख्या गावाचं, अन् म्हनतो सिमेंट पाह्यजे. मले नाई पाह्यजे असं सिमेंट. मथुरासाठी नका करू. पान्यासाठी करा."

तिनं आपली बादली उचलली आणि खदानीची वाट धरली. तिच्या मागं बळीराम निघाला. थोड्या वेळानं ज्यानं बोलून दाखवलं होतं तोही निघाला, तोंडातल्या तोंडात पुटपुटत.

दुसऱ्या सकाळी लाइनीतल्या बाया कामावर जायच्या आधी बांध्यांत उतरल्या. बहुतेकजणी भंडारा-गोंदियाकडच्या, रोवणी कशी करायची हे कुणाला सांगावं लागलं नाही. ओळ धरली, कमरेत वाकल्या, मागं मागं सरकत एकेक पाणकणीस चिखलात रोवत निघाल्या. कुणीतरी रोवणीचं गाणं धरलं, आणि नालीच्या पाण्यात रोवणीचं गाणं म्हणून सगळ्या हसल्याही. मथुरा हसली नाही. ती दर खेपेला झोपडीकडे बघत होती. रोवणीत जुड्या पुरवायचं काम पुरुषाचं असतं. बांधावरून जुडी बरोबर बाईच्या हाताशी पडावी लागते, नाहीतर ओळ थांबते. तिच्या हाताशी जुडी नव्हती. ती मान वर करून हाक मारणार, एवढ्यात तिच्या पुढ्यात जुडी येऊन पडली, अगदी हाताशी. बांधावर फकिरा उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. एका बाईला जुडी टाकली, दुसरीला टाकली, आणि ओळ चालू राहिली.

वरच्या लाइनींचं पाणी आनंदरावांनी खदानीत वळवलं, आणि चार दिवस शेवटच्या लाइनीनं बादल्या वाहिल्या. आंघोळी कमी झाल्या, भांडणं वाढली, पण नाली कोरडी राहिली. बांध्यांतलं पाणी स्थिरावलं, गाळ खाली बसला, पाणकणसांनी माना ताठ केल्या.

जवाऱ्याच्या दिवशी गाव वाजतगाजत आलं. बायांच्या डोक्यांवर हिरव्यागार अंकुरांच्या टोपल्या. तलावाच्या काठावर येऊन सगळं थांबलं. आनंदरावांसोबत साहेब उभा होता. त्यानं कर्दळीची फुलं बघून खुशीत मान हलवली, आणि आनंदरावांनी घाईनं त्याला पाणकणसं दाखवली. पण मथुरा साहेबाकडे बघतच नव्हती. तिचे डोळे सुकवारोवर होते. सुकवारोनं आधी शेवटच्या बांधीच्या तोंडाशी जाऊन ओंजळ भरली, नाकाशी नेली. मग तेच पाणी आपल्या पायांवर ओतलं आणि जवारा घेऊन तलावात उतरली, कमरेएवढ्या पाण्यात.

"पानी बने हे," ती वळून म्हणाली. पाणी चांगलं आहे.

मथुराला रडू आवरेना. रडणार नाही, हा आनंदरावांना दिलेला शब्द तिनं तिथं मोडला.

साहेबानं लाइन राहू द्यायचं कबूल केलं. आनंदराव बेरकी, त्यांनी तिथल्या तिथं विचारून घेतलं की या बांध्या सांभाळायला रोजचं माणूस लागेल, आणि ते लाइनीतच राहिलेलं बरं. ते काम मथुराला मिळालं, आणि तिची झोपडी आता तिच्याच नावानं राहिली. सगळं तिच्या मनासारखं झालं. एक गोष्ट तेवढी झाली नाही. फकिरा तिच्याशी जेवणाखाण्यापुरतंच बोलत होता, आणि त्याचं गाठोडं खुंटीवरून उतरून दारामागं येऊन बसलं होतं. ती रोज ते बघायची आणि रोज शब्द तोंडाशी येऊन परत फिरायचा. नाली वळवता येते. बोललेलं परत कसं घ्यायचं, हे कुठल्या आनंदरावाला विचारणार?

वैशाखातल्या एका सकाळी ती बांध्यांवर आली तर फकिरा मधल्या बांधीत उभा. हात पाणकणसांत. या वेळी ती ओरडली नाही. बांधावर उभी राहून बघत राहिली.

तो काही उपटत नव्हता. एकेक झाड हातानं बाजूला सारून बघत होता, धान बघायचा तसंच. मग एका जागी थबकला. पाणकणसांच्या बुडाशी एक बारीक, पोपटी रोप उभं होतं. कुणाच्या तरी सुपातून धानाचा दाणा नालीत पडला असेल, वाहत आला असेल आणि इथं रुजला असेल. फकिरानं त्याचं पान दोन बोटांत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"धान होय जी ते," मथुरा म्हणाली.

"मले सांगते?"

"राहू द्या ना, मामाजी. एक तं हाये."

फकिरानं मान हलवली. तो वाकला, बोटं चिखलात घालून रोप मुळापासून अलगद उपटलं, सवयीनं पाण्यात खंगाळलं आणि बांधावर आणून ठेवलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं हिरवं धान उपटून फेकलं होतं.

"या बांधीत ते गवत होय," तो म्हणाला.

मथुरा बांधावरून खाली उतरली. "मामाजी, त्या दिवशी मी..."

"त्या कोपऱ्यात कनसं पातळ झाले," फकिरा मध्येच म्हणाला, तिच्याकडे न बघता. "दलदलीतून दोन जुड्या घेऊन ये. अन् येता येता ते गाठोडं खुंटीवर टांगून दे. दारात पायात येते."

मथुरानं पदर खोचला आणि जुड्या आणायला गेली.